अक्षांश साडेपंधरा: १२९६ मेगाहर्ट्झच्या मूनबाउन्ससाठी तीन मीटरची घरगुती डिश

"डिश बांधली, पॉवर अँप्लिफायर लावला, चंद्राकडे रोखली आणि काहीच ऐकू येत नाही." मूनबाउन्स, म्हणजे चंद्रावर रेडिओ सिग्नल आपटवून दूरच्या हॅमशी (परवानाधारक हौशी रेडिओवाल्याशी) बोलणं, सुरू करणाऱ्यांकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पुढचे प्रश्न आता पाठ झालेत. सूर्य ऐकलात का? किती डीबी (डेसिबल; ३ वाढले की जोर दुप्पट)? फीड (डिश लाटा जिथे एकवटते तिथे बसवायचं अँटेनाचं तोंड) उजवं की डावं, कशावरून ठरवलंत? माउंटचा, म्हणजे डिश फिरवणाऱ्या सांगाड्याचा, नकाशा कुठला? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा "जर्मनीतल्या एका हॅमचा" असं येतं. तो नकाशा तिथे उत्तम आहे. आपण गोव्यात, त्याच्यापेक्षा पस्तीस अंश दक्षिणेला राहतो, एवढंच.

पुढचा मजकूर कामाच्या क्रमाने आहे. क्रम मोडू नका. एका टप्प्यावरची तपासणी उरकल्याशिवाय पुढच्या टप्प्याचं सामान विकत घेऊ नका, आणि पॉवर अँप्लिफायर तर सगळ्यात शेवटी घ्या.

## आधी हिशेब: तुमच्या गाठीला ११ डीबी आहेत

बँड १२९६ का, ते दोन ओळींत सांगतो. जगभर ४३२ वर चालणारं मूनबाउन्स आपल्याला बंद आहे, कारण भारतात ७० सेंटिमीटरचा बँड ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ एवढाच मिळतो. १४४ वर चार लांब यागी (जुन्या टीव्ही अँटेनासारख्या दांड्यांच्या) लागतात आणि ध्रुवण, म्हणजे लाट ज्या दिशेत डोलते ती दिशा, वाटेत फिरतं ते वेगळंच. १२९६ वर वर्तुळाकार ध्रुवण वापरतात (लाट मळसूत्रासारखी उजवी किंवा डावी फिरत जाते), त्यामुळे ती डोकेदुखी नाही आणि तीन मीटरची डिश पुरते. तुमच्या लायसन्सवर १२६० ते १३०० मेगाहर्ट्झ आहे का आणि किती पॉवरला मुभा आहे, हे लायसन्सच्या तक्त्यातच वाचून घ्या. मित्राच्या लायसन्सवरून अंदाज बांधू नका.

आता हिशेब. चंद्रावर आदळून परत येईपर्यंत १२९६ वर सुमारे २७१ डीबी खर्ची पडतात. तीन मीटरची डिश ५५ टक्के कार्यक्षमतेने साडेएकोणतीस डीबीआय (सगळीकडे सारखं पसरवणाऱ्या काल्पनिक अँटेनापेक्षा इतके डीबी जास्त) देते. फीडपाशी २०० वॉट पोचले आणि रिसिव्हरचं एकूण नॉइज तापमान (नको त्या खरखरीचं माप) ८० केल्विन राखलं, तर तुमचा स्वतःचा प्रतिध्वनी २५०० हर्ट्झच्या पट्ट्यात नॉइजच्या १३ डीबी खाली येतो. क्यू६५ हा डिजिटल मोड उणे २४ डीबीच्या आसपासचा सिग्नलही वाचतो. म्हणजे ११ डीबी हातात उरले.

ही तुमची पुंजी. खाली प्रत्येक चुकीची किंमत डीबीत दिली आहे, ती यातून वजा करत चला. एक लक्षात ठेवा: डिशची चूक जाताना एकदा आणि येताना एकदा, अशी दोनदा भरावी लागते. ५० वॉटवर काम करणार असाल तर सहा डीबी सुरुवातीलाच गेले, हातात पाचच राहिले. तेवढ्यातही जमतं, पण मग चुका करायला जागा नाही.

## १. जागा आणि ऋतू

पावसाळ्यात कागदावर काम करा. चवथ उरकली की वेल्डरकडे जा, खड्डा ऑक्टोबरअखेर खणा, आणि नोव्हेंबरात माउंट उभा करा. उलट्या क्रमाने जाणारे मे महिन्यात घाईघाईने डिश चढवतात आणि जूनमध्ये ती शेजारच्या कुळागरात शोधतात.

जागा निवडताना आंगणाच्या मध्यावर उभं राहून पूर्व आणि पश्चिम क्षितिज तपासा. आपल्याकडे चंद्र पूर्वेकडे असताना जपान-ऑस्ट्रेलिया मिळतात, पश्चिमेकडे झुकला की युरोप. मूनबाउन्सची सर्वाधिक गर्दी युरोपात आहे, म्हणून एकच बाजू मोकळी ठेवता येत असेल तर पश्चिम ठेवा. माड पातळ दिसतात, पण ओली झावळी १२९६ ला भिंतीसारखी असते, आणि झाड स्वतः ३०० केल्विनचं गरम नॉइज तुमच्या फीडमध्ये ओततं. शिवाय नारळ पडतो. डिशच्या परिघापासून माड निदान पाच-सहा मीटर लांब हवा.

मोबाइल टॉवर दोनशे मीटरच्या आत असेल तर प्रीअँपनंतर (आलेला सिग्नल फीडपाशीच वाढवणाऱ्या अँप्लिफायरनंतर) बँडपास फिल्टर (फक्त आपला बँड जाऊ देणारा) लागणारच, हे आत्ताच यादीत लिहा.

तपासा: १५ अंशांच्या वरचं आकाश पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत मोकळं आहे का? त्याखालचं आकाश तसंही फारसं उपयोगाचं नाही, कारण तिथे डिशला जमिनीचं नॉइज दिसू लागतं.

## २. पाया आणि माउंट: इथेच नकाशा बदलायचा

पणजीचा अक्षांश साधारण १५.५ अंश उत्तर. चंद्राची क्रांती (आकाशातल्या विषुववृत्तापासूनचा उत्तर-दक्षिण कोन) सध्याच्या वर्षांत सुमारे उणे २८ ते अधिक २८ अंश फिरते. याचा अर्थ महिन्यातून दोनदा चंद्र जवळजवळ आपल्या डोक्यावरून जातो आणि काही दिवस तर डोक्याच्या उत्तरेकडून जातो. ५० अंश अक्षांशावर हे कधीच होत नाही. म्हणून तिथल्या माउंटची उंचीची कमान बऱ्याचदा ७०-८० अंशांवर संपते, आणि कोणाचं काही बिघडत नाही.

आपण तोच अझिमथ-एलेव्हेशन (दिशा आणि उंची वेगवेगळी फिरवणारा) माउंट बनवला तर दोन अडचणी येतात. एक, ९० अंशांपर्यंत डिश वळतच नाही, तिची कड खांबाला घासते. दोन, चंद्र ८५ अंशांवर असताना अझिमथची मोटर ताशी सुमारे १६५ अंशांच्या वेगाने फिरवावी लागते, आणि खमध्याजवळ (बरोबर डोक्यावर) तर चंद्र मोटरला गुंगारा देतो. चंद्र सर्वांत उंच, वातावरण आणि जमिनीचं नॉइज सर्वांत कमी, आणि नेमके तेव्हाच तुम्ही हात चोळत बसता.

माझा सल्ला स्पष्ट आहे: गोव्यात पोलर माउंट करा. मुख्य अक्ष खऱ्या उत्तरेकडे रोखायचा आणि क्षितिजापासून फक्त साडेपंधरा अंश वर उचलायचा. जवळजवळ आडवाच. मग चंद्रामागे जायला एकच मोटर लागते, ताशी साडेचौदा अंश, एकसारखी. क्रांती दिवसाला फार तर सहा-सात अंश बदलते, म्हणजे तासाला पाव अंशाच्या आसपास. ती हाताने फिरवायच्या लांब स्क्रूवर ठेवली तरी भागतं. माउंटचा आंधळा कोपरा उत्तर क्षितिजाजवळ जातो, जिथे चंद्र कधी फिरकत नाही.

अक्ष आडवा असण्याचा आणखी एक फायदा. कोन मोजायला महाग एन्कोडर नको. गुरुत्वाकर्षणावर चालणारा साधा ॲक्सेलरोमीटर, अक्षाला काटकोनातल्या दोन दिशा वाचणारा, होरा-कोन (चंद्र उत्तर-दक्षिण रेषेपासून किती पूर्वेला वा पश्चिमेला आहे तो कोन) सरळ देतो.

इथली नेहमीची गफलत: जुन्या केबलवाल्याच्या सी-बँड डिशखाली "पोलर माउंट"च असतो, मग तोच वापरू. तो भूस्थिर उपग्रहांच्या एका कमानीपुरता बनवलेला असतो. त्याची क्रांती एका जागी पक्की केलेली असते आणि दांडा-मोटर साधारण शंभर अंशच फिरवते. डिश घ्या, माउंट भंगारातच राहू द्या. आपल्याला क्रांती उणे ३० ते अधिक ३० आणि होरा-कोन दोन्ही बाजूंना किमान ७५ अंश हवा. त्यासाठी वर्म गिअर घ्या. वर्म गिअर वाऱ्याने उलटा फिरत नाही, ही त्यातली खरी सोय.

पाया. ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्यात तीन मीटरच्या भरीव डिशवर सुमारे ४०० किलोचा रेटा येतो. डिशचा मध्य अडीच मीटर उंचीवर धरला तर उलथवणारा जोर १००० किलो-मीटर झाला. एक मीटर लांब, रुंद आणि खोल काँक्रीटचा ठोकळा २.४ टनांचा, तो कडेवर उलटायला १२०० किलो-मीटर लागतात. म्हणजे जेमतेम पुरतो. जाळीची डिश वाऱ्याला बरीच वाट देते, पण तौक्ते वादळाने २०२१ च्या मे महिन्यात काय केलं ते आठवा आणि खड्डा छोटा करू नका. चिऱ्याच्या कातळात खणणं जिकिरीचं असतं, गवंडी "पाऊण मीटर पुरे" म्हणतो. त्याला चहा द्या आणि मीटरभर खणून घ्या. स्लॅबवर चिऱ्यांच्या खांबाला डिश बांधण्याचा विचार मात्र सोडून द्या.

उत्तर कशी शोधायची? लोखंडी खांबाजवळ होकायंत्र खोटं बोलतं. ओळंबा टांगा आणि स्थानिक मध्यान्हीची त्याची सावली रेघेने मारा. आपल्या रेखांशावर मध्यान्ह घड्याळाच्या सरासरी ३५ मिनिटं उशिरा येते, पण वर्षभरात ती पुढे-मागे सरकते. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पणजीला ती साधारण १२ वाजून १८ मिनिटांनी होते. एप्रिलअखेर आणि ऑगस्टच्या मध्याला हा प्रयोग करू नका, सूर्य डोक्यावर असतो आणि सावलीच पडत नाही.

तपासा: अक्षाच्या पाइपवर डिजिटल कोनमापक ठेवून १५.५ अंश येतात का? आपापल्या गावाचा अक्षांश घ्या. काणकोणला तो १५ च्या जवळ येतो. अर्धा अंश चुकला तरी चालेल, दोन अंश नाही. तीन मीटरच्या डिशची शलाका (डिश जेवढं आकाश बघते तो झोत) साडेपाच अंश रुंद असते. रोख दोन अंशांनी चुकला की एका बाजूला १.६ आणि जाऊन-येऊन ३.३ डीबी गेले.

## ३. फासळ्या आणि साचा

आपली डिश: व्यास ३०० सेंटिमीटर, नाभी-अंतर १२० सेंटिमीटर, म्हणजे एफ-बाय-डी ०.४. पृष्ठभागाची खोली काढायचं सूत्र सोपं आहे: मध्यापासूनच्या अंतराचा वर्ग, भागिले ४८०. सगळं सेंटिमीटरमध्ये.

मध्यापासून १५ वर खोली ०.४७
३० वर १.८८
४५ वर ४.२२
६० वर ७.५०
७५ वर ११.७२
९० वर १६.८८
१०५ वर २२.९७
१२० वर ३०.००
१३५ वर ३७.९७
१५० वर ४६.८८

आठ बाय चार फुटांच्या प्लायवर ही वक्ररेषा काढा, प्रत्येक बिंदूवर लाकडी ठोकळा स्क्रूने बसवा. हा तुमचा साचा. अॅल्युमिनियमची २० मिलिमीटरची नळी यावर वाकवायची. फासळीची वक्र लांबी १५९.३ सेंटिमीटर भरते. १६५ चा तुकडा कापा आणि शेवटी जादा भाग छाटा.

नळी वाकवून सोडली की थोडी परत उघडते, म्हणून साच्यापेक्षा किंचित जास्त वाकवून मग साच्यावर बसवून बघा. आणि प्रत्येक फासळी साच्याशीच ताडून पाहा. पहिलीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी असं करत गेलात तर सोळावी फासळी सॅटेलाइट डिशची न राहता कढईची होते. मी केली आहे. ती अजून गोठ्याच्या कौलाखाली टेकू म्हणून उभी आहे.

फासळ्या सोळा. मधला हब ४५ सेंटिमीटर व्यासाची, सहा मिलिमीटर जाडीची अॅल्युमिनियमची चकती. प्रत्येक फासळीला मध्यावर मागून एक तिरका टेकू द्या, नाहीतर कड लवते. आता महत्त्वाचं: सोळा फासळ्यांवर जाळी सरळ ताणली तर दोन फासळ्यांच्या मध्ये कडेला ती खऱ्या पृष्ठापासून पावणेदोन सेंटिमीटर दूर राहते. म्हणून ६०, १०५ आणि १५० सेंटिमीटर त्रिज्येवर बारीक नळीची गोल कडी करून फासळ्यांना बांधा, मग जाळी गोलाई धरते. ज्यांचा हात माटोळी (चवथीला गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधायला बसलेला आहे त्यांना हे काम अर्ध्या दिवसाचं आहे.

चुकीची किंमत: पृष्ठभागाची सरासरी चूक पाच मिलिमीटर असेल तर ०.३ डीबी. एक सेंटिमीटर झाली तर १.३, म्हणजे जाऊन-येऊन २.६. दीड सेंटिमीटरपुढे डिश न बांधलेली बरी.

तपासा: परिघावर समोरासमोरच्या बिंदूंतून दोन दोरे काटकोनात ताणून बांधा. मध्यावर ते एकमेकांना जेमतेम टेकले पाहिजेत. त्यांच्यात फट दिसली किंवा एकाने दुसऱ्याला दाबलं, तर डिश पापडासारखी पिळली आहे. जाळी लावण्याआधी ते सोडवा.

तयार सी-बँड डिश मिळाली तर हा टप्पा वाचतो. फक्त नाभी मोजून घ्या: व्यासाचा वर्ग भागिले सोळापट खोली. २४० सेंटिमीटरच्या डिशची खोली ३८ असेल तर नाभी ९४.७ वर. विकणारा सांगतो त्या आकड्यावर फीड बसवू नका.

## ४. जाळी, बोल्ट आणि खारा वारा

तरंगलांबी २३.१ सेंटिमीटर आहे, त्यामुळे १२ मिलिमीटरच्या भोकांची वेल्ड केलेली किंवा एक्सपांडेड अॅल्युमिनियमची जाळी पुरेशी आहे. कोंबड्यांच्या खुराड्याची षटकोनी जाळी घेऊ नका. तिच्या तारा नुसत्या पिळलेल्या असतात, एका पावसाळ्यात पिळांत गंज चढतो आणि विजेच्या दृष्टीने जाळीची चाळण होते. डासांची जाळी दुसऱ्या टोकाची चूक: वाऱ्याला शिडासारखी भरते आणि कुजका पाला धरून ठेवते.

जाळी पाकळ्यांत कापा, प्रत्येक पाकळी शेजारणीवर दोन-तीन सेंटिमीटर चढवा आणि अॅल्युमिनियमच्याच तारेने बांधा. तांब्याची तार अॅल्युमिनियमला कुठेही टेकता कामा नये. खाऱ्या दमट हवेत ती जोडी बॅटरीसारखी वागते आणि अॅल्युमिनियम पांढरं पीठ होऊन गळतं. बोल्ट समुद्रापासून पाच-सात किलोमीटरच्या आत ३१६ दर्जाच्या स्टेनलेसचेच घ्या, आणि लोखंडी सांगाडा हॉट-डिप गॅल्व्हनाइज करून आणा. वेल्डिंग आधी, गॅल्व्हनाइजिंग नंतर. उलटं केलेल्यांच्या सांध्यांना पहिल्या सप्टेंबरात तांबडे ओघळ दिसतात.

सावधान: चकचकीत भरीव डिश सूर्यासमोर आली की नाभीवर ऊनही एकवटतं. फीडवरचं प्लास्टिकचं झाकण मिनिटांत वितळतं, तिथे डोकावणाऱ्याचे डोळे जातात. भरीव डिशला मंद, खरखरीत रंग द्या.

## ५. फीड आणि उजव्या-डाव्याचा घोळ

सर्वांत जास्त लोक इथे अडकतात, म्हणून सावकाश वाचा.

सोपं फीड म्हणजे गोल डबा. आतला व्यास १४० ते १७५ मिलिमीटरच्या मध्ये हवा. १३५ च्या खाली १२९६ ची लाट आत शिरतच नाही, १७७ च्या वर नको त्या लाटाही शिरतात. १६५ मिलिमीटरचा डबा घेतला तर आतली तरंगलांबी सुमारे ४०६ मिलिमीटर होते, त्यामुळे प्रोब (डब्यात शिरणाऱ्या धातूच्या काड्या) बंद तळापासून तिच्या चौथाईवर, म्हणजे १०१ मिलिमीटरवर बसतात. दोन प्रोब, एकमेकांना काटकोनात, एकाच अंतरावर. लांबी ५४-५५ मिलिमीटर ठेवून सुरुवात करा आणि अॅनालायझरवर बघत कानशीने कमी करा. डब्याची एकूण लांबी तीनशेच्या आसपास.

नेहमीची चूक: बाहेरचा व्यास मोजणं. गणित आतल्या व्यासाचं आहे. दुसरी चूक मोकळ्या हवेतल्या तरंगलांबीची चौथाई, म्हणजे ५८ मिलिमीटर, तळापासून मोजून प्रोब बसवणं. मग एसडब्ल्यूआर (किती पॉवर परतून येते त्याचं माप) काही केल्या खाली येत नाही आणि दोष कनेक्टरला दिला जातो.

दोन्ही प्रोब ९० अंशांच्या हायब्रिडला (सिग्नल दोन भागांत वाटून त्यांत चौथाई लाटेचा फरक पाडणाऱ्या जोडणीला) जोडा. दोन्ही केबल अगदी एका लांबीच्या हव्यात. हायब्रिडच्या उरलेल्या दोन तोंडांपैकी एकातून उजवं वर्तुळाकार ध्रुवण मिळतं, दुसऱ्यातून डावं. एक ट्रान्समिटला, एक रिसिव्हला. पुढे सेप्टम फीड करायला घ्याल तेव्हा हायब्रिड आणि त्याचा ०.२-०.३ डीबीचा तोटा जाईल. पण सेप्टमची पायऱ्यांची पट्टी नकाशाप्रमाणे मिलिमीटरला मिलिमीटर कापावी लागते. पहिल्या फीडला तो हट्ट नको.

आता घोळ. रिवाज असा की डिशमधून बाहेर पडणारी लाट उजवी हवी. आरशात उजवा हात डावा दिसतो, तसं प्रत्येक परावर्तनात ध्रुवण उलटतं. डिशवर एकदा उलटतं, चंद्रावर दुसऱ्यांदा, समोरच्याच्या डिशवर तिसऱ्यांदा. म्हणून फीडमधून डावी लाट सोडायची, म्हणजे डिशमधून ती उजवी निघते. चंद्रावरून डावी परतते. आपल्या डिशवर आपटून उजवी होऊन फीडमध्ये शिरते. सारांश: फीडचं ट्रान्समिट तोंड डावं, रिसिव्ह तोंड उजवं.

आणि खरा सापळा पुढे आहे. दोन्ही तोंडं अदलाबदल झाली तरी तुमचा स्वतःचा प्रतिध्वनी झकास ऐकू येतो, कारण तुमच्याच दोन चुका एकमेकींना सांभाळून घेतात. बाकी जगाला मात्र तुम्ही वीस डीबीने मेलेले असता. पुंजीच अकराची आहे. मी पूर्ण तीन चांद्रमास स्वतःचा प्रतिध्वनी ऐकून खूश होतो आणि "युरोपवाले उत्तर का देत नाहीत" म्हणून कुरकुरत होतो.

तपासा: साध्या स्क्रूच्या आट्यांप्रमाणे तांब्याची तार गुंडाळून सहा-सात वेढ्यांचं हेलिक्स करा. ते उजवी लाट सोडतं. त्याला मिलिवॉटचा सिग्नल देऊन दोन-तीन मीटरवरून थेट फीडच्या तोंडात रोखा, डिश मध्ये न आणता. रिसिव्हचं तोंड जोरात ऐकलं पाहिजे, ट्रान्समिटचं निदान पंधरा-वीस डीबी हळू. उलटं आलं तर केबल बदला आणि तोंडांवर रंगीत टेप चिकटवा. आठवणीवर विसंबू नका.

डब्याचं तोंड नाभीवर येईल असं फीड बसवा, आणि आत-बाहेर दोन-तीन सेंटिमीटर सरकवायची सोय ठेवा. खालच्या अंगाला पाणी निचरायला चार मिलिमीटरचं भोक. तोंडावर पातळ प्लास्टिकचं झाकण हवंच, नाहीतर गांधीलमाश्या आठवड्यात मातीचं घर बांधतात. चढून बघण्याआधी काठीने ठोकून पाहा.

## ६. प्रीअँप, रिले, सिक्वेन्सर

प्रीअँप फीडच्या पाठीवरच बसतो. शॅकमध्ये (रेडिओच्या खोलीत) नाही, खांबाच्या तळाशीही नाही. त्याच्या आधी अर्ध्या डीबीची केबल आली तरी नॉइज तापमान ८० वरून ११८ केल्विनला जातं, म्हणजे १.७ डीबी फुकट.

फीडची दोन तोंडं वेगळी आहेत म्हणून रिले (विजेने चालणारा बदल-स्विच) नको, असं समजणारा दरवर्षी एक प्रीअँप जाळतो. दोन तोंडांमधला अडसर साधारण २५ डीबीचा. २०० वॉट म्हणजे ५३ डीबीएम (एका मिलिवॉटपेक्षा ५३ डीबी वर). त्यातले २८ डीबीएम, ०.६ वॉटच्या आसपास, सरळ प्रीअँपच्या तोंडात. तो तिथेच संपतो. म्हणून प्रीअँपच्या आधी ५० डीबी किंवा जास्त आयसोलेशन देणारा कोॲक्स रिले, ट्रान्समिटच्या वेळी प्रीअँपला ५० ओहमच्या लोडवर टाकणारा.

क्रम सिक्वेन्सरच (स्विच पाळीपाळीने टाकणारी सर्किट) ठरवेल, तुमचा हात नाही: आधी रिले पडतो, मग शंभर मिलिसेकंद थांबतो, मग अँप्लिफायर जागा होतो. परत येताना बरोबर उलटं. वीज गेली तर रिले कुठल्या बाजूला पडतो तेही बघा. आपल्याकडे हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी विचारला जातो. विजेविना रिले प्रीअँपला सुरक्षित बाजूला सोडणारा हवा.

सगळे जोड आपोआप चिकटणाऱ्या रबरी टेपने गुंडाळा, वर साधी टेप, आणि केबलला जोडाच्या खाली एक लोंबती कमान द्या म्हणजे पाणी तिथून थेंबाथेंबाने गळेल.

## ७. सूर्य: फुकटचं परीक्षायंत्र

अजून पॉवर अँप्लिफायर विकत घेतलेला नाही ना? छान.

रिसिव्हरचा आपोआप गेन कंट्रोल बंद करा. डिश थंड, रिकाम्या आकाशाकडे रोखा, नॉइजची पातळी नोंदवा. मग सूर्याकडे वळा. फीडची सावली हबच्या मध्यावर पडली की रोख ढोबळमानाने बरोबर. आता पातळी जिथे कमाल होते आणि सावली जिथे मध्यावर येते, ती एकच जागा आहे का बघा. नसेल तर फीड एका बाजूला कललं आहे.

सौर फ्लक्स (सूर्याच्या रेडिओ-ऊर्जेचं रोज मोजलं जाणारं माप) ८० एककं असताना तीन मीटरच्या डिशला सूर्य थंड आकाशापेक्षा साधारण पावणेबारा डीबी वर दिसायला हवा. ६० असताना साडेदहा. त्या दिवसाचा फ्लक्स पाहून ताडा. ९ पर्यंत आलात तर पुढे जा, सुधारणा होत राहतील. ६-७ वर अडकलात तर पुढे जाऊ नका. फीड आत-बाहेर एकेक सेंटिमीटर सरकवून कमाल शोधा. तरी हललं नाही तर डिश जमिनीकडे किंवा दाट झाडीकडे रोखून बघा. थंड आकाश आणि जमीन यांत साडेपाच-सहा डीबींचा फरक हवा. तो आला तर प्रीअँप निर्दोष आहे, दोष डिशच्या आकारात किंवा फीडच्या जागेत. तो आला नाही तर प्रीअँप, रिले किंवा त्याआधीची केबल.

हे एका संध्याकाळचं काम नाही. मी आठ रविवार घालवले आणि ७.२ वरून १०.८ ला पोचलो. त्यातला मोठा वाटा फीड अडीच सेंटिमीटर मागे घेण्याचा होता.

सूर्यावरूनच होरा-कोनाचं शून्यही पक्कं करा: सकाळी, मध्यान्ही आणि दुपारी चारला सूर्याचा गणिती कोन आणि तुमच्या सेन्सरचा कोन लिहा. तिन्ही वेळा फरक एकसारखा असेल तर तो आकडा वजा करा. फरक बदलत गेला तर अक्ष उत्तरेला नाही. परत ओळंब्याकडे.

## ८. स्वतःचा प्रतिध्वनी

आता अँप्लिफायर. पहिल्यांदा डमी लोडवर (पॉवर जिरवणाऱ्या खोट्या अँटेनावर), मग फीडवर, डिश उंच आकाशाकडे करून.

सावधान: २०० वॉटवर डिशसमोर दर चौरस मीटरला शंभर वॉटपर्यंत ऊर्जा भरू शकते. डिश १० अंशांच्या खाली असताना, शेजारच्या गच्चीच्या रोखाने, किंवा कोणी शिडीवर असताना कधीही ट्रान्समिट करू नका. फीडजवळ काम करताना अँप्लिफायरची वायर नुसती बंद करू नका, काढून खिशात ठेवा.

चंद्राची निवड. पौर्णिमेची वाट बघायची गरज नाही, रेडिओला प्रकाश लागत नाही. अमावास्येच्या आगेमागे दोन दिवस टाळा, सूर्य शलाकेत येतो. चंद्र पृथ्वीजवळ असतानाचे दिवस निवडा. जवळ आणि दूर यांत दोन डीबींहून जास्त फरक पडतो. संकष्टीची रात्र पहिल्या प्रयत्नाला सोयीची. चंद्रोदयाची वेळ घरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात छापलेली असते, सूर्य लांब असतो आणि घरातले तसेही जागे असतात. उदयाच्या क्षणाला मात्र धावू नका, चंद्र वीस अंश वर येऊ द्या.

नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ जो टेलर यांनी सुरू केलेल्या डब्ल्यूएसजेटी-एक्स या सॉफ्टवेअरमध्ये एको मोड आहे, तो लावा. ट्रान्समिट संपल्यावर सिग्नल सुमारे अडीच सेकंदांनी परत येतो. येतो तो त्याच फ्रिक्वेन्सीवर नाही. इथे पुन्हा अक्षांश आडवा येतो: पृथ्वीच्या फिरण्याचा वेग आपल्याकडे जास्त, त्यामुळे चंद्रोदयाला प्रतिध्वनी ३.७ किलोहर्ट्झपर्यंत वर सरकलेला असतो आणि चंद्रास्ताला तेवढाच खाली. मध्य युरोपातले लोक अडीच सांगतात, ते त्यांच्यापुरतं खरं. सॉफ्टवेअरचं डॉप्लर ट्रॅकिंग (ही सरक भरून काढणारं) सुरू करा आणि स्थान बरोबर भरा. पणजी, म्हापसा, मडगाव एमके६५ मध्ये (हॅमच्या जागतिक नकाशातल्या चौकोनात) येतात. ७४ रेखांश ओलांडला की एमके७५. संगणकाचं घड्याळ सेकंदाच्या आत हवं, आणि सॉफ्टवेअरला यूटीसी कळतं, आपली वेळ नाही. मध्यरात्र ते पहाटे साडेपाचपर्यंत तिथे कालची तारीख असते, यावर दोन ठरलेल्या भेटी मी चुकवल्या.

तपासा: प्रतिध्वनी उणे १३ ते उणे १६ च्या दरम्यान आला तर उत्तम. उणे २० च्या खाली असेल तर पॉवर फीडपाशी मोजा, शॅकमध्ये नाही. वीस मीटर साध्या केबलमध्ये अर्धी पॉवर सहज विरते.

## ९. पहिला संपर्क

प्रतिध्वनी आला म्हणून लगेच सीक्यू (‘कोणीही उत्तर द्या’ अशी हाक) ओरडायला जाऊ नका. पहिला संपर्क युरोपातल्या सात-आठ मीटरच्या डिशवाल्याशी वेळ ठरवून करा, आपला चंद्र पश्चिमेकडे ३० ते ५० अंशांवर असताना. क्यू६५, साठ सेकंदांचे पाळीपाळीने वळसे, सी सबमोड. १२९६ च्या पहिल्या दीडशे किलोहर्ट्झमध्येच बहुतेक जण असतात. डॉप्लरची दुरुस्ती कोण करणार हे आधी ठरवा. दोघांनीही केली तर दोघंही एकमेकांना हुकतात.

त्याला तुम्ही ऐकू येत नसाल पण तुम्हाला तो येत असेल, तर टप्पा ५ मधलं हेलिक्स पुन्हा काढा. दोघंही मुके असाल तर टप्पा ७.

जूनच्या पहिल्या आठवड्यात होरा-कोन शून्य आणि क्रांती अधिक साडेपंधरा करून डिश आकाशाकडे चीत ठेवा, म्हणजे वारा वरून सरकून जातो आणि पाणी जाळीतून गळतं. वर्म गिअरला ग्रीस भरा, अक्षात लोखंडी खीळ घाला, प्रीअँप उतरवून सिलिका जेलच्या डब्यात घरात न्या. फीडचं तोंड जाड पिशवीने बांधताना निचऱ्याचं भोक उघडं राहील ते बघा.